स्वेटर विणून झाला, पुढे काय?

दरवर्षी जानेवारीत नामपल्लीच्या मैदानावर नुमाइश भरते. उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांनी १९३८ साली ती बाग-ए-आममध्ये सुरू केली. १९४६ पासून ती आजच्या जागी आली. तेथे गरम कपड्यांच्या दुकानापुढे लोक स्वेटरचा रंग पाहतात, फार तर लोकर गालाला लावून बघतात. माझी आजी मात्र स्वेटर हाती येताच उलटा करते. कापून ओव्हरलॉक मशीनवर जोडलेल्या स्वेटरला आतून दोऱ्यांची जाड कड असते. आकार देत विणलेले भाग टाक्याला टाका लावून जोडले असतील, तर बोटाला ती कड फारशी लागत नाही. "विणणाऱ्या पुष्कळ, पुरा करणाऱ्या थोड्या," असे तिचे मत.

यंदा तिच्याच पेटीतून पाठ, पुढा आणि दोन बाह्या असे चार तुकडे निघाले. ते बाबांसाठी विणलेले. पण गडद निळ्या लोकरीचे टाके तिला दिसेनासे झाले आणि काम तसेच राहिले. कॉस्टिंगच्या भाषेत हा अपुरा माल. लोकर खर्ची पडली, श्रम खर्ची पडले, आणि अंगात घालायला काही नाही! शेवटी ती सांगत गेली आणि मी करत गेलो.

पहिले काम शिवण्याचे नव्हे, भिजवण्याचे. कोमट पाण्यात तुकडे बुडवायचे, पण चोळायचे नाहीत. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, ते चोळल्याने एकमेकांत अडकतात आणि लोकर आटते. मग टॉवेलात गुंडाळून पाणी दाबून काढायचे, तुकडे चादरीवर सपाट पसरायचे आणि टेपने मापून टाचण्या लावायच्या. ओल्या तंतूतील काही रासायनिक बंध सुटतात व वाळताना नव्याने जुळतात, म्हणून ज्या आकारात लोकर वाळते तो आकार ती धरते. कॅशमिलॉनचे असे होत नाही. त्यावर गरम इस्त्री फिरली, तर वीण कायमची चपटी होते. ओला स्वेटर दोरीवर टांगू नये, कारण स्वतःच्याच वजनाने तो लांबतो.

नंतर जोडणी. आधी खांदे, मग बाह्या, शेवटी बगलेपासून खाली कडा. दोन भाग सुलट बाजू वर करून शेजारी ठेवायचे. कडेचा टाका व त्याच्या आतला टाका यांच्यामध्ये प्रत्येक ओळीत एक आडवा धागा असतो. इकडचा एक, तिकडचा एक असे धागे बोथट सुईने उचलायचे आणि चार-पाच ओळींनंतर दोरा हलकेच ओढायचा. शिवण मिटून दिसेनाशी होते. दर वीतभर झाल्यावर आजी डोळे मिटून त्यावरून बोट फिरवी, आणि दोनदा तिने मला उसवायला लावले.

गळ्याचे गणित मला सर्वांत आवडले. सुलट विणीत टाका उंचीपेक्षा रुंद असतो. म्हणून उभ्या कडेवर दर चार ओळींमागे तीनच टाके उचलायचे. चारही उचलले तर गळा झालरीसारखा फुलतो, दोनच उचलले तर चुणतो. आपल्याकडच्या जुन्या सुयांत नंबर वाढला की सुई बारीक होते. १० नंबरवर विणलेला गळा ८ नंबरच्या सुईने सैल बंद करावा, नाहीतर डोके आत जात नाही.

मी वहीत तास टिपले होते. धुणे-वाळवणे सोडून नऊ भरले. पैसे घेऊन विणून देणाऱ्या आमच्या ओळखीच्या बायका लोकरीच्या वजनावर मजुरी धरतात. शिवणीची लोकर वजनात काही ग्रॅमच भरते. म्हणजे हे नऊ तास हिशेबात येतच नाहीत. जोडणीची मजुरी वेगळी लावली पाहिजे, असे मी म्हणालो. आजी म्हणाली, "मग कोण विणून घेईल?" तिचा प्रश्न खोटा नाही, पण माझी बेरीजही चुकलेली नाही.

उरलेली टोके गाठ न मारता शिवणीत दोन-तीन इंच ओवून टाकली. एक हातभर लोकर मात्र आजीने आतल्या बाजूला, बगलेच्या शिवणीवर, सैल टाक्यांनी अडकवून ठेवायला लावली. ती स्वेटरबरोबरच धुतली जाईल आणि त्याच्याबरोबरच विटेल. पुढे कोपराला भोक पडले, की रफूला त्याच रंगाचा धागा मिळेल.