वाटेचे देणे

काशीयात्रेस निघणाऱ्या माणसाने घरचे देणेघेणे मिटवून मगच उंबरठा ओलांडावा, अशी आपल्याकडे जुनी रीत होती. परत येऊ की नाही, याची शाश्वती नसे. मागे राहणाऱ्यांच्या डोक्यावर आपले ऋण नको, असा त्यामागचा विचार होता. आज रात्री गाडीत बसलेला मनुष्य दुसऱ्या दिवशी काशीस पोहोचतो, आणि चार दिवसांनी परत येऊन कचेरीत सहीही करतो. देणी मिटवून निघण्याची ती रीत आता मागे पडली आहे. परंतु वाटेचे एक देणे मात्र प्रत्येकाला चुकवावे लागते. ते म्हणजे पथकर. ज्याला आपण बोलताना टोल म्हणतो, तो. हे देणे कसे द्यावे, ते चुकून राहिले तर काय करावे, आणि आपल्याकडून अन्यायाने घेतले गेले तर काय करावे, याविषयी मी आज थोडे बोलणार आहे.

वाट आणि कर यांचे नाते फार पुरातन आहे. जुन्नरजवळच्या नाणेघाटात दगडात कोरलेला एक मोठा रांजण आहे. घाट चढणारे व्यापारी जकातीची नाणी त्यात टाकीत, असे परंपरेने सांगितले जाते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर याचा सविस्तर विचार आढळतो. मालाने भरलेल्या प्रत्येक गाडीमागे सीमेवरच्या अंतपालाने सव्वा पण एवढी 'वर्तनी' म्हणजे वाटेचे शुल्क घ्यावे, असे तो सांगतो; आणि त्याला जोडूनच असेही सांगतो की, वाटेत व्यापाऱ्याचे जे हरवेल किंवा चोरीस जाईल, ते या अंतपालाने भरून द्यावे. श्रोतेहो, या दोन वाक्यांत पथकराचे सगळे नीतिशास्त्र आले आहे. घेणाऱ्याने घ्यावे, पण घेतले म्हणजे तो वाटसरूचा देणेकरी झाला, हे त्याने विसरू नये. शुल्कशाळेच्या ध्वजापुढून शुल्क न देता निसटणाऱ्याला हाच कौटिल्य शुल्काच्या आठपट दंड सांगतो. दोन्ही बाजू त्याने सारख्याच कठोरपणे बांधून ठेवल्या आहेत.

काशीच्या बाबतीत या विषयाला एक मराठी धागाही आहे. मोगलांच्या काळी तीर्थक्षेत्री येणाऱ्या यात्रेकरूंकडून कर घेतला जात असे. अकबराने १५६३ मध्ये तो उठवला. पण पुढे तो पुन्हा सुरू झाला. सतराव्या शतकात शाहजहान बादशहापुढे जाऊन काशी आणि प्रयाग येथील यात्रेकरूंवरचा कर माफ करवून घेतला तो कवीन्द्राचार्य सरस्वतींनी. हे संन्यासी मूळचे गोदातीरचे, आणि काशीत स्थायिक झालेले. त्यांच्या या कार्याबद्दल पंडितांनी त्यांना जी प्रशस्तिपद्ये अर्पण केली, त्यांचा 'कवीन्द्रचन्द्रोदय' हा संग्रह आजही उपलब्ध आहे. इंग्रजांच्या अमदानीत प्रयाग, गया आणि जगन्नाथपुरी येथे यात्रेकरूंकडून कर घेतला जाई. तो १८४० च्या कायद्याने बंद झाला.

यात्राकर आणि पथकर यांत मात्र भेद आहे, आणि तो लक्षात ठेवला पाहिजे. यात्राकर हा माणसाच्या श्रद्धेवर बसवलेला होता. त्याच्या मोबदल्यात यात्रेकरूला काहीच मिळत नसे. पथकर हा रस्त्याच्या उपयोगाबद्दल घेतलेला मोबदला आहे. म्हणूनच आपल्या राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या नियमांत त्याला शुल्क असेच म्हटले आहे. ज्याला हे शुल्क गरिबांवर लादणे पटत नसे, त्याला दुसरा मार्गही मोकळा होता. मुंबईत माहीमच्या खाडीवरचा मार्ग १८४५ च्या सुमारास पुरा झाला, त्यासाठी लेडी आवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनी १,५७,००० रुपये दिले. आणि त्यावरून जाणाऱ्यांकडून टोल घेऊ नये, अशी अट घातली. परंतु असे दाते प्रत्येक पुलाला कोठून मिळणार? म्हणून बहुतेक ठिकाणी वाटसरूंनीच थोडेथोडे द्यायचे, हा मार्ग उरतो.

आता आजची पद्धत पाहू. काशीजवळून जाणारा पूर्वीचा ग्रँड ट्रंक रोड म्हणजे आजचा राष्ट्रीय महामार्ग १९. शहराला वळसा घालून तो गंगा ओलांडतो, तेथे डाफीचा टोलनाका लागतो. गाडीच्या पुढच्या काचेवर फास्टॅग नावाची एक पट्टी चिकटवलेली असते. नाक्यावरचे यंत्र रेडिओलहरींनी तिचा क्रमांक वाचते. तो क्रमांक मध्यवर्ती व्यवस्थेकडे जातो, तेथून पट्टी देणाऱ्या बँकेकडे जातो, आणि गाडीवाल्याच्या खात्यातून रक्कम वजा होते. फेब्रुवारी २०२१ पासून ही पट्टी राष्ट्रीय महामार्गांवर आवश्यक झाली, आणि ती नसणाऱ्याने दुप्पट शुल्क द्यावे असे ठरले. पुढे १५ नोव्हेंबर २०२५ पासून या दंडात भेद करण्यात आला : रोख देणाऱ्याला दुप्पट, आणि यूपीआयने देणाऱ्याला सव्वापट. कौटिल्याचा आठपट दंड आठवला म्हणजे आपण बरेच सौम्य झालो आहोत, असे म्हणावे लागेल.

नियमांत वाटसरूच्या सोयीच्याही गोष्टी आहेत, पण त्या थोड्यांना ठाऊक असतात. चोवीस तासांच्या आत त्याच नाक्यावरून परत येणाऱ्याला दोन वेळचे मिळून दीडपट शुल्क पडते. नाक्यापासून वीस किलोमीटरांच्या आत राहणाऱ्यांच्या खाजगी गाड्यांना सवलतीचा मासिक पास मिळतो. खाजगी मोटारींसाठी १५ ऑगस्ट २०२५ पासून ३,००० रुपयांचा वार्षिक पास सुरू झाला. एक वर्ष किंवा दोनशे खेपा, यांपैकी जे आधी संपेल तोवर तो चालतो. रुग्णवाहिका, अग्निशामक गाडी आणि शववाहिनी यांना शुल्क माफ आहे. मणिकर्णिकेकडे दूरदूरच्या गावांहून जे शेवटचा प्रवास करीत येतात, त्यांच्या वाहनापुढे नाक्याचा दांडा आडवा येऊ नये, ही माणुसकी नियमकर्त्यांनी राखली आहे. नावेने नदी उतरणाऱ्या वृद्धांना, रोग्यांना, बालकांना आणि गर्भिणींना कौटिल्यानेही मूल्य माफ केले होते.

एवढे सांगून झाल्यावर मी स्वतःचा एक अनुभव सांगतो. सन २०२३ च्या हिवाळ्यात आईला त्रिस्थळी यात्रा घडवावी म्हणून मी तिला घेऊन गेलो. प्रयाग झाले, काशी झाली. आणि गयेला जाऊन येण्यासाठी आम्ही काशीत एक भाड्याची मोटार केली. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. वाटेत नाके लागत गेले. त्यांपैकी एका नाक्यावर यंत्राने आमची पट्टी वाचली नाही. मागच्या दोन गाड्यांचीही वाचली नाही, म्हणजे दोष यंत्राचा होता हे उघड होते. तरी नाक्यावरच्या माणसाने दुप्पट रोख मागितली. मागे भोंगे वाजू लागले. चालकाने निमूटपणे खिशातून पैसे काढून दिले. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "साहेब, गाडी मालकाची आहे, पण असला दंड मालक देत नाही. तो माझ्या भत्त्यातून जातो." दुसऱ्या दिवशी परत येताना त्याच्या भ्रमणध्वनीवर संदेश आला, की त्याच नाक्याचे शुल्क पट्टीच्या खात्यातूनही वजा झाले आहे. एका खेपेचे तिप्पट झाले होते.

मी शासकीय नोकरीत वीस वर्षे काढलेला मनुष्य. कागदाशिवाय दाद लागत नाही, हे मला पुरते ठाऊक. मी पावती मागितली. चालक म्हणाला, "मांजीनी घेतली होती." आईने आपला बटवा उघडला. गयेस विष्णुपदावरची तुळशीची पाने तिने ज्या कागदात बांधून ठेवली होती, ती नेमकी ती पावती होती! पाने तिने रुमालात काढून ठेवली, आणि पावती मी हाती घेतली. शाई पुसट झाली होती, पण गाडीचा क्रमांक आणि वेळ वाचता येत होती. त्या पावतीवर चालकाच्या मालकाकरवी बँकेकडे तक्रार केली, आणि काही दिवसांनी पट्टीतून गेलेली रक्कम परत आली. रोख दिलेली दुप्पट रक्कम मात्र परत आली नाही. कारण यंत्र बंद होते, याचा पुरावा आम्ही त्या क्षणी मागून घेतला नव्हता.

आणि येथेच मला माझे अज्ञान कळले. २०१८ पासून नियम असा आहे की, पट्टी चालू असेल, खात्यात पुरेशी रक्कम असेल, आणि तरीही नाक्यावरच्या यंत्रणेच्या बिघाडामुळे शुल्क घेता आले नाही, तर त्या गाडीला काहीही न घेता जाऊ द्यावे, आणि शून्य रकमेची पावती द्यावी. म्हणजे त्या चालकाने एक पैसाही देणे लागत नव्हते. नियम होता, पण तो ना त्याला ठाऊक होता, ना माझ्यासारख्या नियमांवरच पोट भरणाऱ्याला. नियम पुस्तकात असून भागत नाही. तो मागणाऱ्याच्या जिभेवर असावा लागतो.

म्हणून श्रोत्यांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पट्टी काचेवर नीट चिकटवलेली असावी; हातात धरून दाखवलेली पट्टी बाद होऊ शकते. निघण्यापूर्वी खात्यातली शिल्लक पाहावी. यंत्र बंद असेल तर वाद न घालता, पण ठामपणे, शून्य रकमेची पावती मागावी. आणि रोख देण्याचा प्रसंग आलाच तर ती पावती जपून ठेवावी. रक्कम चुकीची किंवा दोनदा वजा झाली, तर पट्टी देणाऱ्या बँकेकडे अथवा महामार्गांच्या १०३३ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. कधी दांडा उघडाच असतो, गाडी निघून जाते, आणि शुल्क वजा झालेले दिसत नाही. पुष्कळांना हा लाभ वाटतो. परंतु ती नोंद उशिरा पोहोचून रक्कम मागाहून वजा होऊ शकते. म्हणून खाते रिकामे करून ठेवू नये. दांडाच नसलेले नाके आता येऊ लागले आहेत; तेथे गाडी न थांबता जाते, आणि कॅमेरा तिचा क्रमांक टिपतो. जानेवारी २०२६ मध्ये मोटार वाहनांच्या केंद्रीय नियमांत दुरुस्ती होऊन असे ठरले की, न भरलेले पथकर शिल्लक असतील तर गाडी दुसऱ्याच्या नावे करण्यासाठी लागणारे ना-हरकत प्रमाणपत्र मिळणार नाही, आणि व्यापारी गाड्यांना योग्यता-प्रमाणपत्र व राष्ट्रीय परवानाही मिळणार नाही. तेव्हा जुनी गाडी विकत घेणाराने तिच्यावरचे असे देणे आधी पाहून घ्यावे. राहून गेलेले देणे आता वाटेवर राहत नाही; ते गाडीमागे घरापर्यंत येते.

काशीस परतल्यावर त्या चालकाचा निरोप घेताना, त्याच्या भत्त्यातून गेलेले पैसे मी त्याच्या हाती ठेवले. तो घेईना. आई म्हणाली, "घे बाबा. यात्रा करून कुणाचे देणे घेऊन घरी जायचे नसते." त्याने पैसे घेतले, आणि तिच्या पाया पडून तो गेला. सरकार आणि वाटसरू यांच्यातही याहून वेगळा न्याय असू नये. रस्ता वापरला, तर त्याचे देणे आपण चुकवू नये. आणि जे आपण देणे लागत नव्हतो, ते घेतले गेले, तर घेणाऱ्यानेही ते परत केल्यावाचून स्वस्थ बसू नये.