रणभूमीची माती आणि जुना बाजार

इ. स. 1819 च्या जानेवारीत पैनगंगेच्या खोऱ्यातील नाव्हा येथील किल्ल्याला निजामाच्या फौजेने वेढा घातला. वेढा घालणाऱ्या पलटणी निजामाच्या खजिन्यातून पगार घेणाऱ्या होत्या, परंतु त्यांना कवायत शिकवणारे आणि लढाईचे हुकूम सोडणारे अंमलदार इंग्रज होते, व त्यांचा सेनानी मेजर पिटमन हा होता. तटाच्या आत हटकरांचा नायक नोवसाजी, उमरखेडच्या मैदानी लढाईत मोड झाल्यावर अरब शिबंदीनिशी आश्रयाला येऊन राहिला होता. महिनाअखेरीस हल्ला चढवून किल्ला सर करण्यात आला, आतील माणसांची मोठी कत्तल झाली, नोवसाजीला कैद करून हैदराबादेस नेले आणि तेथेच त्याचा अंत झाला. आज नाव्हा नांदेड जिल्ह्याच्या हदगाव तालुक्यात आहे आणि पलीकडचा कळमनुरी तालुका हिंगोलीत. परंतु जिल्ह्यांच्या या हद्दी पुष्कळ नंतरच्या आहेत, खुद्द हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला, आणि नोवसाजीचा मुलूख या रेषा जाणत नव्हता.

या लढाईची विजेत्यांनी लिहिलेली हकिकत उपलब्ध आहे. ज्या पलटणी तेथे लढल्या त्यांना निशाणावर ‘नाव्हा’ हे नाव मिरवण्याचा मान मिळाला, आणि मेजर बर्टन याने 1905 साली कलकत्त्यास प्रसिद्ध केलेल्या हैदराबाद कंटिंजंटच्या इतिहासात या मोहिमेला स्थान मिळाले. पराभूत पक्षाला मात्र दप्तर लिहून ठेवण्याची उसंत मिळत नसते. त्याची कैफियत जर कोठे उरली असेल तर ती तटाच्या पडक्या दगडांत आणि भोवतालच्या शेतांच्या मातीत आहे. म्हणून जुन्या रणभूमीवर युद्धाच्या खुणा शोधत हिंडणाऱ्या माणसाने काय करावे व काय करू नये, हा प्रश्न या भागात केवळ छंदिष्टांचा राहत नाही, तो इतिहासाच्या पुराव्याचा प्रश्न होतो.

खुद्द हिंगोली हे गाव एकोणिसाव्या शतकापासून 1903 पर्यंत लष्करी छावणीचे ठिकाण होते. हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल याने 1813 च्या सुमारास कवायती पलटणींची जी ‘रसेल ब्रिगेड’ उभारली, ती 1817 च्या डिसेंबरात महिदपूरच्या रणात होळकरांविरुद्ध लढली, आणि तिच्या व तिच्यासारख्या इतर पथकांच्या एकत्रीकरणातून पुढे निजामाची कवायती फौज सिद्ध झाली. या फौजेच्या खर्चाचे कर्ज निजामाच्या डोक्यावर इतके साचले, की 1853 च्या तहनाम्याने त्याला वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली करावा लागला, व त्याच वेळी फौजेला ‘हैदराबाद कंटिंजंट’ हे नाव मिळाले. सत्तावनच्या उठावानंतर सर ह्यू रोझबरोबर झाशी, काल्पी आणि ग्वाल्हेरपर्यंत जी सैन्ये चालून गेली, त्यांत या कंटिंजंटची पथके होती. छावणीच्या काळात येथे राहून गेलेला मेडोज टेलर याने ठगांवरील आपल्या 1839 सालच्या कादंबरीच्या प्रस्तावनेत लिहून ठेवले आहे, की या भागातील ठगांचा म्होरक्या हरिसिंग हा हिंगोलीच्या छावणीतला प्रतिष्ठित व्यापारी होता, आणि स्वतः टेलरने त्याच्याशी देवघेव केली होती. 1903 मध्ये कंटिंजंट हिंदी सैन्यात विलीन झाले. त्याच्या पायदळ पलटणी 1922 साली हैदराबाद रेजिमेंटमध्ये गोवल्या गेल्या आणि त्याच रेजिमेंटचे 1945 मध्ये कुमाऊं रेजिमेंट असे नामकरण झाले. हिंगोली शहरात रिसाला बाजार अजून आहे. ज्या रिसाल्यांसाठी तो वसला, त्यांच्या वारसदार डेक्कन हॉर्सने 14 जुलै 1916 रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत घोड्यावरून धाव घातली होती.

अशा प्रदेशातील शेतात काय सापडू शकते, याचा विचार करताना प्रथम मातीचा स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. पैनगंगा आणि कयाधूच्या काठची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि वैशाखात हातभर भेगा पडेतो आकसते. या भेगांतून वरची वस्तू खाली जाते आणि मातीच्या फुगवट्याने खालची पुन्हा वर येते. त्यामुळे काळ्या रानात वस्तू किती खोल सापडली यावरून तिचे वय सांगणे अत्यंत धोक्याचे असते. आडवी जागा मात्र फारशी बदलत नाही, आणि नेमकी तीच जागा रणभूमीच्या अभ्यासात मौल्यवान ठरते. लोखंडाचा तोफगोळा या ओल्या-कोरड्या फेऱ्यांत पापुद्र्यापापुद्र्याने झडत जातो, तर शिशाच्या गोळीवर पांढरट कवच चढून ती आत जशीच्या तशी टिकून राहते. ही गोळी हातात घेऊन पाहणाऱ्याला बरेच सांगते. कंपनी सरकारच्या नमुन्याच्या बंदुकीची गोळी साधारण सतरा ते अठरा मिलिमीटर व्यासाची व एकसारखी असते, तोड्याच्या बंदुकांच्या गोळ्या लहानमोठ्या व ओबडधोबड असतात; जी गोळी दगडावर वा हाडावर आदळली ती चपटी झालेली असते, आणि जी हातातून नुसती गळून पडली ती गोल राहते. तटाभोवतीच्या शेतांत यांपैकी कोणत्या गोळ्या कोठे व किती दाट पडल्या आहेत याचा नकाशा जर कोणी केला, तर वेढा घालणाऱ्यांचे मोर्चे कोठे होते, आतल्यांनी कोणत्या बाजूने मारा केला, आणि शेवटचा हल्ला कोठून आत शिरला, हे दोनशे वर्षांनंतरही सांगता येण्याचा संभव आहे.

ही केवळ कल्पना नाही. अमेरिकेतील माँटाना प्रांतात लिटल बिगहॉर्न येथे 25 जून 1876 रोजी कस्टर या सेनानीची तुकडी तेथील मूळ रहिवाशांशी लढताना समूळ नष्ट झाली होती. 1983 च्या ऑगस्टमध्ये वणव्याने तेथील गवत जळून जमीन उघडी पडली, आणि पुढील दोन वर्षांत पुरातत्त्वज्ञांनी धातुशोधक यंत्रे घेऊन सारे मैदान रांगेने पिंजून काढले. प्रत्येक गोळी आणि प्रत्येक काडतूस जेथे सापडले तेथेच त्याची नोंद झाली. काडतुसाच्या बुडाशी बंदुकीच्या घोड्याने उमटवलेली खूण प्रत्येक बंदुकीची निराळी असते. त्या खुणा ताडून कोणती बंदूक मैदानात कोठून कोठे सरकत गेली, हेसुद्धा शोधता आले. लाकोटा आणि शायेन लोकांनी सांगितलेल्या ज्या हकिकतींना गोऱ्या इतिहासकारांनी शंभर वर्षे महत्त्व दिले नव्हते, त्यांतील पुष्कळ गोष्टींना जमिनीने दुजोरा दिला. नोवसाजीच्या मुलखातल्या इतिहासाभ्यासकाला यापेक्षा अधिक आशा देणारे उदाहरण मला दुसरे सुचत नाही. जालना जिल्ह्यात असई येथे, केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात, 23 सप्टेंबर 1803 रोजी शिंद्यांच्या तोफखान्याने वेलस्लीच्या पलटणींची जी भयंकर हानी केली, त्या रणभूमीलाही हीच पद्धत लागू आहे. आणि बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा, जेथे 11 ऑक्टोबर 1724 रोजी मुबारिजखानाचा पाडाव करून निजामाने दक्षिणेत आपला स्वतंत्र अंमल बसवला, तेथेही.

या पुराव्याचा सर्वांत मोठा शत्रू गुप्तधनाचा लोभ आहे. मराठवाड्यातील गढ्या, बुरूज आणि समाध्या यांच्या पायथ्याशी रात्री खणलेले खड्डे ज्याने पाहिले असतील, त्याला याची भीषणता निराळी सांगायला नको. पायाळू माणसाला जमिनीतले धन दिसते या समजुतीपासून थेट अघोरी पूजेपर्यंत आणि बळीपर्यंत हा लोभ जाऊन पोहोचतो, आणि म्हणूनच महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याला गुप्तधनाच्या नावाने चालणाऱ्या अमानुष प्रकारांची दखल घ्यावी लागली. आता या मंडळींच्या हाती धातुशोधक यंत्रही आले आहे. सोने न सापडल्यामुळे त्यांनी फेकून दिलेली शिशाची गोळी आणि गंजलेली नाल हीच वस्तुतः त्या जागेची संपत्ती असते, आणि एकदा जागेवरून हलली की ती मुकी होते.

शेतातून निघालेली वस्तू नंतर बाजारात येते. गावातील भंगारवाल्याच्या तागडीतून ती तालुक्याला, तेथून पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोरबाजारात किंवा हैदराबादच्या जुमेरात बाजारात जाते, आणि या प्रवासात प्रत्येक टप्प्यावर तिचा मूळ पत्ता पुसला जाऊन तिच्या जागी एक आकर्षक कहाणी चिकटते. या बाजारांचा मी द्वेष करीत नाही. जुन्या घराण्यांनी अडगळीत टाकलेल्या वस्तू ज्यांनी पारखून घेतल्या आणि समाजाला परत दिल्या, त्या संग्राहकांचे आपल्यावर फार मोठे ऋण आहे. पुण्याच्या दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेला संग्रह 1975 साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. मराठवाड्यातच तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी आणि पैठण येथे बाळासाहेब पाटील यांनी जमवलेल्या वस्तूंतून संग्रहालये उभी राहिली. परंतु लामतुऱ्यांच्या संग्रहाचे मोल तो तेरच्या मातीतला आहे हे निश्चित ठाऊक असल्यामुळे आहे.

बाजारात खोटेपणाही विपुल आहे. कंपनी सरकारचा छाप, रामदरबाराचे चित्र आणि 1818 हे साल असलेला ‘अर्धा आणा’ घेऊन विक्रेता समोर आला, तर ग्राहकाने खुशाल पुढे चालावे, कारण असे नाणे कंपनीने कधी पाडलेच नाही. आम्लात बुडवून जुनी केलेली तलवारीची पाती आणि ओतीव कामाच्या कट्यारी यांचीही गत तीच. याउलट एक वस्तू अशी आहे, की जी स्वतःची ओळख अंगावर बाळगून असते, आणि नेमकी तीच सर्वाधिक नष्ट होते. पहिल्या महायुद्धातील चांदीच्या युद्धपदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. लष्कराबरोबर गेलेल्या बिगारी, सईस, भिस्ती आदी नोकरवर्गाला तेच पदक काशाचे मिळाले. चांदीचे पदक अडल्या वेळी सराफाच्या मुशीत गेले, काशाचे भंगारात. असे पदक विकत घेणाऱ्याने प्रथम भिंग लावून कड वाचावी, ती कानसलेली आहे का पाहावे, आणि वाचता आलेले नाव लिहून ठेवावे. त्या एका ओळीवरून एखाद्या घराण्याला आपला हरवलेला पूर्वज सापडू शकतो.

1948 च्या हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या खुणा अजून जिवंत आठवणींच्या अंतरात आहेत. 13 सप्टेंबर रोजी भारतीय फौजा निजामाच्या मुलखात शिरल्या आणि 17 तारखेला लढाई थांबली. त्यापूर्वीचे कित्येक महिने या मुलखाच्या सरहद्दीवर रझाकारांचा उपद्रव आणि स्वातंत्र्यसैनिकांच्या तळांवरून होणारा प्रतिकार चालू होता. वसमतचे महाविद्यालय हुतात्मा बहिर्जींच्या नावाने चालते, ते त्याच संग्रामाचे स्मरण आहे. या काळातील ठासणीची बंदूक माळवदावर सापडली तर ती निकामी आहे की चालण्याजोगी, हे आपण ठरवू नये. दुरुस्त करूनही चालू न शकणाऱ्या जुनाट हत्याराला शस्त्र अधिनियमातून सूट आहे, पण त्याची शहानिशा पोलीस ठाण्याला कळवून करून घ्यावी. गोळा किंवा बाँब दिसला तर हात न लावता दूर व्हावे. बेल्जियमच्या ईप्र परिसरात पहिल्या महायुद्धातील गोळे आजही दरवर्षी नांगराला लागतात, आणि शंभर वर्षे जमिनीत राहूनही त्यांतील पुष्कळ मारक राहिले आहेत.

कायद्याविषयी आपल्याकडे विनाकारण भीती आहे, आणि त्या भीतीपोटीच वस्तू लपवल्या जातात. 1878 च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे लागते. तिचा कोणी मालक नाही असे चौकशीअंती ठरले, तर शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमिनीच्या मालकाला एक चतुर्थांश हिस्सा मिळतो. सरकारला ती वस्तू हवी असेल तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश देऊन ती घेता येते. कळवले नाही तर मात्र हिस्साही जातो आणि एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. शंभर वर्षांपूर्वीच्या पुरावस्तूंचा व्यापार 1972 च्या अधिनियमाखाली परवान्याशिवाय करता येत नाही, आणि खाजगी माणसाला त्या परदेशी मुळीच नेता येत नाहीत. संरक्षित स्मारकाच्या आवारात तर खणण्याचा विचारही करू नये.

तेव्हा हदगाव, कळमनुरी, औंढा आणि वसमतच्या शेतकरी बंधूंना माझी विनंती आहे, की वखराला एखादी गोळी किंवा पदक लागले तर ते घासूनपुसून चकचकीत करू नका. मोबाइलमध्ये जागेवरचे छायाचित्र घ्या, गट नंबर आणि बांधापासूनचे अंतर लिहा, आणि जिल्हाधिकाऱ्याकडे लेखी वर्दी देऊन तिची पोच मागा. हिंगोली व वसमत येथील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी पुरातत्त्व खात्याच्या संमतीने आणि तज्ज्ञांना बरोबर घेऊन नाव्ह्याच्या भोवतालची शेते पेरणीपूर्वी एकदा रांगेने पाहावीत, आणि जे दिसेल त्याचा नकाशा करावा. यंत्रांनी जमिनीचे सपाटीकरण झपाट्याने चालले आहे, म्हणून हे काम येत्या उन्हाळ्यातच हाती घेतले पाहिजे.