चमक नको, शिक्का बघा

ब्रिटनच्या चॅरिटी शॉपमध्ये चांदी ओळखायला रंगाचा उपयोग नाही. स्टर्लिंग (९२.५ टक्के चांदी) गंधकामुळे काळवंडते, तसा चांदीचा मुलामाही काळवंडतो. खरा पुरावा शिक्क्याचा. चालता सिंह म्हणजे इंग्लंडमध्ये तपासलेली स्टर्लिंग; सोबत जहाजाचा नांगर असेल तर बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड असेल तर लंडन. ‘ईपीएनएस’ दिसलं की निकेलच्या मिश्रधातूवरचा मुलामा, निमूट खाली ठेवा.

दुकानदारांना हे कळत नाही का? कळतं, पण दानात आलेल्या ढिगातला प्रत्येक चमचा भिंगाखाली कोण धरणार? शिवाय ७.७८ ग्रॅमपेक्षा हलक्या चांदीला हॉलमार्क सक्तीचा नाही, त्यामुळे बारीक दागिने सहज निसटतात. मेणबत्तीच्या जड स्टँडला मात्र भुलू नका. शिक्का खरा असला तरी पोटात बऱ्याचदा प्लास्टर किंवा डांबरासारखा भराव असतो. त्याचे पैसे चांदीच्या भावाने मोजू नका.