तालुक्यांची यादी कुठे अडते

सकाळी ८.५०

प्रवेशअर्जांचा हंगाम लागला की आधी तक्रारी वाचायच्या, चहा नंतर. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शिक्षणसंस्थेच्या ऑनलाइन अर्जाचं पान आम्ही पुण्यात बसून सांभाळतो. आज संस्थेच्या कार्यालयाकडून आलेल्या सगळ्या तक्रारी जवळपास एकसारख्या आहेत: जिल्हा निवडला, पण तालुक्यांची यादी येत नाही, नुसतं गोल फिरत राहतं. कुणी ‘साइट बंद’ असं लिहिलंय, कुणी ‘सर्व्हर डाउन’. साइट चालू आहे, सर्व्हरही चालू आहे. अर्जाची मुदत शुक्रवारी संपते.

अर्जात जिल्हा निवडला की पान जागचं न हलता मागच्या मागे सर्व्हरकडे एक विनंती जाते, तिकडून तालुके येतात आणि रकाना भरतो. उत्तर येईपर्यंत पान अडून बसत नाही, म्हणून या विनंतीला असिंक्रोनस म्हणतात. ती नीट चालते तेव्हा कुणाच्या लक्षातही येत नाही. बिघडली तरीही कुणाला काही कळत नाही, आणि मला चीड येते ती याची. पान समोर दिसतंय, बटणं दिसतायत, चूक झाल्याचं कुठे लिहिलेलं नाही आणि पुढे जायला वाट नाही. समोरच्या माणसाला वाटतं, आपल्यालाच जमत नाही.

९.१५

माझ्या लॅपटॉपवर क्रोममध्ये यादी येते, फायरफॉक्समध्येही येते. ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे वाक्य आमच्या धंद्यात दिवसातून कितीदा ऐकू येतं आणि त्याने आजवर कुणाचा अर्ज भरला गेलेला नाही. फोन कुठला, ब्राउझर कुठला, आवृत्ती कितवी, हे कळल्याशिवाय शोध सुरू होत नाही. तक्रारींमध्ये यातलं काहीच नव्हतं, म्हणून कार्यालयातल्या मॅडमना विचारून एका पालकांना फोन लावला.

“ताई, पोरीनं कालपास्नं कितीदा केलं. सातारा टाकला की नुसतं गोल फिरतंय बघा.”

“काका, फोन कुठला आहे?”

“आयफोन हाय. तिच्या मामानं दिलाय, जुना.”

“सेटिंग्जमध्ये जनरल, त्यात अबाउट. तिथे सॉफ्टवेअर व्हर्जन लिहिलेलं असेल. तेवढं वाचायला सांगता का तिला?”

मागून मुलीचा आवाज आला, बारा पॉइंट पाच पॉइंट सात.

“मग क्रोम टाकून बघू का त्यात?”

“नको काका, उपयोग नाही व्हायचा. दुपारपर्यंत थांबा, मीच फोन करते.”

आयफोनवर क्रोम टाकलं तरी आतलं इंजिन सफारीचंच, म्हणजे वेबकिट. ॲपलचा नियमच तसा होता. २०२४ मध्ये युरोपीय संघातल्या फोनांपुरती त्यात मुभा मिळाली, पण तिचा या मुलीला काही उपयोग नाही. तिचा फोन २०१४ सालचा आयफोन ६ निघाला. तो आयओएस १२ च्या पुढे जात नाही, आणि वेबकिट आयओएसबरोबरच नवं होतं. थोडक्यात, त्या फोनवर कुठलंही ब्राउझर उघडा, इंजिन २०१८ च्या पिढीचंच राहणार. फोन उत्तम चालतो, फोटो काढतो, पैसे पाठवतो. त्यावरून अर्ज भरता येत नसेल तर दोष पानाचा.

१०.००

सर्व्हरचा लॉग उघडला. प्रत्येक विनंतीची ओळ त्यात असते: वेळ, काय मागितलं, उत्तराचा क्रमांक आणि शेवटी ब्राउझरने सांगितलेली स्वतःची ओळख. तक्रारींच्या वेळा या ओळींशी जुळवत गेले तसे दोन गट सरळ वेगळे पडले. पहिल्या गटात अर्जाचं पान मागितल्याची नोंद आहे, पण तालुक्यांची यादी मागितल्याची नोंदच नाही. म्हणजे विनंती निघालीच नाही. दुसऱ्या गटात विनंती आली, सर्व्हरने उत्तरही दिलं, तरी रकाना रिकामा.

बाहेरून तक्रार एकच दिसते, आतली दुखणी मात्र दोन. एकाच औषधाने दोन्ही बरी करायला गेलं की दिवस वाया जातो, म्हणून लॉग आधी बघायचा.

११.००

पहिला गट. चाचणीसाठीच्या जुन्या फोनांत आमच्याकडेही एक आयफोन ६ आहे. तो केबलने मॅकला जोडला, फोनच्या सेटिंग्जमध्ये वेब इन्स्पेक्टर चालू केला आणि मॅकवरच्या सफारीच्या डेव्हलप मेन्यूतून फोनमधलं पान उघडलं. कन्सोलमध्ये एकच लाल ओळ: सिंटॅक्स एरर, अनपेक्षित टोकन, टिंब.

त्या ओळीवर क्लिक केलं तर प्रश्नचिन्ह आणि त्याला लागून टिंब. ‘?.’ ही जावास्क्रिप्टमधली सोय आहे: डावीकडची वस्तू असेल तर तिच्यात पुढे बघ, नसेल तर गुपचूप सोडून दे. क्रोमला ती २०२० च्या फेब्रुवारीत ८०व्या आवृत्तीत आली, सफारीला त्यानंतरच्या महिन्यात १३.१ मध्ये. आयओएस १२ च्या सफारीला हे चिन्ह म्हणजे व्याकरणाची चूक. आणि जावास्क्रिप्टचा नियम असा की फाइल चालवण्याआधी ती पूर्ण वाचली जाते; वाचताना एका जागी जरी व्याकरण अडलं तरी त्या फाइलमधली एकही ओळ चालत नाही. तालुके मागणारा आमचा कोड अगदी जुन्या पद्धतीचा आणि निर्दोष होता, पण तो त्याच फाइलमध्ये होता. फिरणारं गोल सीएसएसने फिरतं, त्याला जावास्क्रिप्ट लागत नाही. म्हणून ते फिरत राहिलं आणि ते थांबवणारा कोड कधी सुरूच झाला नाही.

ते चिन्ह आमच्या कोडमधलं नव्हतं. जन्मतारीख निवडायच्या लायब्ररीची नवी आवृत्ती गेल्या आठवड्यात आली, तिच्यातून ते शिरलं. आमचा स्वतःचा कोड बेबेलमधून जातो, तिथे नवं लिखाण जुन्या ब्राउझरना कळेल असं उतरवलं जातं. बाहेरून आणलेल्या लायब्रऱ्या मात्र बहुतेक प्रकल्पांत या चाळणीतून वगळलेल्या असतात, कारण पूर्वी त्या आधीच जुन्या लिखाणात मिळायच्या. आता तसं राहिलेलं नाही.

१२.३०

नवी सहकारी म्हणाली, पॉलिफिल टाकू या. इथे ते चालणार नाही, आणि का ते समजून घेण्यासारखं आहे. एखादं फंक्शन ब्राउझरमध्ये नसेल तर आपलं लिहून देता येतं. मागच्या मागे विनंती पाठवणाऱ्या फेचचंच बघा. ते क्रोममध्ये २०१५ साली आलं, सफारीत २०१७ च्या मार्चमध्ये, इंटरनेट एक्सप्लोररमध्ये शेवटपर्यंत आलंच नाही. तरी जुन्या एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्टवर बेतलेलं फेच लिहून लोकांनी ते सगळीकडे चालवलं. पण ब्राउझरला जे वाचताच येत नाही त्याला पॉलिफिल नाही. ते उतरवूनच द्यावं लागतं. ती लायब्ररी बेबेलच्या चाळणीत घेतली, नवी फाइल तयार केली, जुन्या आयफोनवर जिल्हा निवडला. कोरेगाव, खटाव, माण, वाई, सगळे तालुके आले.

हाच तपास जिओफोनसाठीही लागतो. त्यातलं कायओएस फायरफॉक्सच्या ४८व्या आवृत्तीच्या इंजिनावर आहे. तिथे फेच आहे, पण असिंक-अवेट कळत नाही, कारण ते फायरफॉक्सला ५२ मध्ये आलं. चाळणीला तीही मर्यादा सांगून ठेवली.

१.१५

जेवताना त्याच सहकारीने विचारलं, की सर्व्हरच्या जुन्या फोल्डरमध्ये ॲक्टिव्हएक्स कशाला लिहिलंय. ही मागच्या मागे विनंती पाठवायची युक्ती मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकच्या वेब आवृत्तीसाठी निघाली आणि १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये ॲक्टिव्हएक्स म्हणून आली. मोझिलाने ती थेट ब्राउझरमध्ये घेतली, एक्सप्लोररने तसं करायला २००६ उजाडलं. मधल्या काळात प्रत्येक पानात आधी एक पद्धत, ती नसेल तर दुसरी, असा जिना लिहावा लागे. २००६ मध्येच जेक्वेरी आली आणि तो जिना तिने स्वतःच्या पोटात घेतला.

मराठी अर्ज करणाऱ्यांची आणखी एक पंचाईत होती. वेबपत्त्यातून, म्हणजे यूआरएलमधून, पाठवताना देवनागरीचं प्रत्येक चिन्ह नऊ अक्षरांचं होतं. ‘सातारा’ला चोपन्न लागतात, काना वेगळा मोजला जातो म्हणून. इंटरनेट एक्सप्लोररची वेबपत्त्याची मर्यादा २०८३ अक्षरं, त्यामुळे घरचा पूर्ण पत्ता मराठीत लिहिला की विनंती मध्येच तुटायची, इंग्रजीत लिहिला की जायची. म्हणून मोठा मजकूर मी आजही पोस्ट विनंतीनेच पाठवते.

२.३०

दुसरा गट जास्त अवघड, कारण यातले फोन नवे. यादी जेसॉन या रूपात येते. नव्या आयफोनवर कन्सोल म्हणालं, जेसॉन वाचताना न ओळखता आलेलं टोकन ‘<’. हाच बिघाड क्रोम ‘अनपेक्षित टोकन’ म्हणून सांगतं आणि फायरफॉक्स ‘पहिल्या ओळीच्या पहिल्या स्तंभात अनपेक्षित अक्षर’ म्हणतं. शब्द वेगळे, अर्थ एकच: यादी मागितली आणि हातात एचटीएमएलचं पान आलं, कारण एचटीएमएल ‘<’नेच सुरू होतं. नेटवर्क टॅबमध्ये उत्तर उघडून पाहिलं तर ते लॉगिनचं पान होतं. उत्तराचा क्रमांक २००, म्हणजे सगळं आलबेल.

ओटीपी देऊन आत आलेल्या मुलाला सर्व्हर ओळखत नव्हता, कारण ओळखीची कुकी विनंतीबरोबर जातच नव्हती. अर्जाचं पान संस्थेच्या डोमेनवर आहे आणि माहिती देणारा सर्व्हर दुसऱ्या डोमेनवर. सफारीच्या लेखी ही तिऱ्हाइताची कुकी, आणि अशा सगळ्या कुकी सफारीने २०२० च्या मार्चपासून बंद केल्या आहेत. लोकांचा माग काढणाऱ्या जाहिरातवाल्यांना रोखायला हे केलं आणि ते योग्यच आहे. त्यात आमच्यासारखी सरळ कामाची कुकीही अडते.

मग लक्षात आलं की या गटात काही तक्रारी विंडोजवरच्या क्रोममधूनही आहेत. त्या कुठून आल्या ते मॅडमना विचारलं. झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानांतून. तिथे एका मुलाचं लॉगिन दुसऱ्याला दिसू नये म्हणून दुकानदार प्रत्येकाला इन्कॉग्निटो खिडकी उघडून देतात, आणि क्रोमची इन्कॉग्निटो खिडकी तिऱ्हाइताच्या कुकी मुळातच अडवते. माझ्या लॅपटॉपवर इन्कॉग्निटो उघडलं आणि तोच बिघाड जसाच्या तसा समोर आला. दुकानदारांची काळजी रास्त होती. त्यांच्याकडे रांगा लागल्या आणि मुलं परत गेली, याचं मला फार वाईट वाटलं.

४.००

सर्व्हर सांभाळणाऱ्या सहकाऱ्याशी बोलणं. त्याचं म्हणणं, कुकीवर सेमसाइट नन आणि सिक्युअर दोन्ही लावलेलं आहे, दुसऱ्या डोमेनला परवानगी देणारी कॉर्सची हेडरंही बरोबर आहेत. खरं आहे, पण त्या दोन्हींनी फक्त परवानगी मिळते. सफारी परवानगी विचारायच्या आधीच कुकी टाकून देतं. त्यावर उपाय एकच टिकाऊ दिसला: दोन डोमेनचं भांडणच मिटवायचं. संस्थेच्या डोमेनवर एनजिनएक्समध्ये एक रस्ता राखून ठेवायचा आणि त्यावर आलेल्या विनंत्या मागून आमच्या सर्व्हरकडे वळवायच्या. ब्राउझरला सगळं एकाच घरचं दिसतं, कुकी घरची होते, कॉर्स लागत नाही, आधी विचारणा करणारी ऑप्शन्स विनंतीही वाचते. त्याने लगेच करायला घेतलं.

५.३०

हे काम आज कुणी मागितलेलं नव्हतं, पण मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. फेच ४०१ किंवा ५०० आलं तरी अपयश मानत नाही, क्रमांक आपणच तपासायचा. त्याला स्वतःची कालमर्यादाही नाही. उत्तर आलं नाही तर गोल बराच वेळ फिरत राहू शकतं. म्हणून आता तीन गोष्टी बघितल्या जातात: क्रमांक, मजकूर जेसॉन आहे का, आणि वीस सेकंदांत उत्तर आलं का. काही चुकलं तर गोल जातं आणि रकान्याखाली ओळ येते: ‘तालुक्यांची यादी आली नाही. तुम्ही भरलेली माहिती जपून ठेवली आहे. पुन्हा प्रयत्न करा.’ खाली बटण आणि कार्यालयाचा फोन. जावास्क्रिप्ट चाललीच नाही तर? मग गोल दिसताच कामा नये. ते आता स्क्रिप्ट सुरू झाल्यावरच दिसतं, आणि पानात आधीपासून तालुका हाताने लिहायचा साधा रकाना आहे.

६.४५

पहिल्या गटाची दुरुस्ती दुपारीच प्रॉडक्शनवर गेली होती, आता बाकीचंही चढवलं. हाताशी नसलेल्या फोनांसाठी ब्राउझरस्टॅक वापरलं. २०११ साली मुंबईत सुरू झालेली ही कंपनी खरे फोन दुरून वापरायला देते. आयओएस १३ ते १७, अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्त्या, इन्कॉग्निटो, सगळीकडे यादी आली. लॉगमध्ये आयओएस १२ च्या ओळींखाली तालुक्यांची विनंती दुपारपासूनच दिसू लागली आहे.

काकांना दुपारीच फोन केला होता, मुलीचा अर्ज तेव्हाच गेला. कार्यालयातल्या मॅडमना आता दोन ओळींचा मजकूर पाठवला, परत गेलेल्या मुलांना आणि फॉर्मच्या दुकानांना कळवायला. संस्थेला वेगळं पत्र लिहिलंय: अर्ज अडले त्या दिवसांइतकी मुदत वाढवा, कोणत्या तारखेपासून कोणते फोन अडले याचा लॉग सोबत जोडला आहे. त्यावर उद्या दहा वाजता त्यांच्याशी बोलायचं आहे.