परसातली गोचीड

गाईच्या कासेला लागलेली टपोरी गोचीड तुम्ही चिमटीनं उपटता आणि उकिरड्यावर फेकून देता. काम झालं असं वाटतं. वास्तविक काम तिथंच बिघडतं. एरंडाच्या बीएवढी फुगलेली ती मादी असते. (लॅटिन भाषेत गोचिडीला रिसिनस म्हणत, एरंडाचं शास्त्रीय नावही त्याच शब्दावरून पडलं आहे.) ती आज ना उद्या आपणहून गळून पडणारच होती. मातीत, शेणात, भिंतीच्या कपारीत शिरून ती दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. तुम्ही तिची पायपीट वाचवलीत, एवढंच! तिला चुलीत टाका, नाही तर उकळत्या पाण्यात. नखावर मात्र चिरडू नका. त्या रक्तात माणसालाही बाधणारे रोगजंतू असू शकतात.

सोलापूर-पुणे हमरस्त्यावर मोहोळ तालुक्यात चिंचोळीची औद्योगिक वसाहत आहे. अशा वसाहतीच्या आसपासच्या गावांत पहाटे धार काढून मग पाळीला जाणारे लोक असतात. परसात एखादी जर्सी किंवा होल्स्टिन संकराची गाय, चार शेळ्या, एखादं कुत्रं. पगार एकीकडे आणि दुधाचा पैसा एकीकडे, असा संसार चालतो. अशा घरात गाय तापानं गेली तर काय होतं, हे तुम्हांला सांगायला नको. खिलार जनावर गोचिडीला बरंच दाद देत नाही; संकरित गाय मात्र लवकर हातची जाते.

आपल्याकडे गाईगुरांवर मुख्यतः दोन तऱ्हेच्या गोचिडी आढळतात. एक जात पिलापासून मोठी होईपर्यंत एकाच जनावराच्या अंगावर राहते. हा मुक्काम साधारण तीन आठवड्यांचा. दुसरी लांब पायांची, तपकिरी. ती रक्त पिऊन खाली उतरते, दगडमातीच्या भिंतीतल्या फटीत कात टाकते आणि भूक लागली की पुन्हा चढते. थायलेरिया हा जीवघेणा ताप हीच दुसरी पसरवते. आजारी जनावरावर प्यायलेली लहान गोचीड पुढच्या अवस्थेत दुसऱ्या जनावराला तो रोग देते. म्हणजे अंगावर दिसतात त्या थोड्या. बाकीचा कुटुंबकबिला भिंतीत आणि जमिनीत आहे. गाय धुऊन काढली आणि गोठा तसाच ठेवला, तर चार दिवसांत अंग पुन्हा भरतं, याचं कारण हेच.

लालमुताचा रोग गोचीड पसरवते, हे अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी १८९३ साली दाखवून दिलं. १९०६ साली तिथं मोहीम सुरू झाली. गुरं दर दोन आठवड्यांनी औषधाच्या हौदातून काढायची, असा क्रम होता. दोनच आठवडे का? तीन आठवड्यांत गोचीड पोट भरून गळते. त्याच्या आत तिला गाठायची. १९४३ पर्यंत मेक्सिकोच्या सरहद्दीची पट्टी सोडली, तर तो देश या गोचिडीपासून मोकळा झाला.

हेच गणित तुमच्या परसाला लावा. जनावरावर फवारायचं औषध पशुवैद्यकाला विचारूनच घ्या आणि बाटलीवर लिहिलं असेल तेवढंच पाण्यात घाला. कपाशीवरचं औषध गाईवर कधीही मारू नका. कानाच्या आत, पोळीखाली, कासेभोवती, शेपटीच्या मुळाशी कापडानं हात फिरवा. गोचिडी तिथंच दडतात. त्याच दिवशी गोठ्याच्या भिंती आणि जमीन फवारायची. त्या वेळी गव्हाण व पाण्याची टाकी झाकलेली हवी. फटी सिमेंटनं किंवा शेणमातीनं लिंपून वर चुना द्या. उकिरडा लांब हलवा, भिंतीलगतचं गवत आणि वेडी बाभूळ तोडा. सोलापूरचं ऊन इथं आपल्या बाजूचं आहे. उघड्या, कोरड्या जमिनीवर पहिल्या जातीची अंडी टिकत नाहीत. पावसाळ्यात मात्र ती चैनीत असते.

गावठी कोंबड्या गोचिडी टिपून खातात, पण फवारणीच्या दिवशी त्या डालून ठेवा आणि मेलेल्या गोचिडी झाडून जाळल्याशिवाय सोडू नका. कुत्र्याचं औषध वेगळं असतं. गाईचं औषध मांजराला मुळीच लावू नये. वर्षानुवर्षं एकच औषध वापरलं की गोचिडी त्याला सरावतात, तेव्हा गुण येईनासा झाला तर मात्रा वाढवू नका, औषध बदलून मागा. इंजेक्शन दिलं असेल तर दूध किती दिवस घालायचं नाही, हेही विचारून घ्या.

आता तुम्ही म्हणाल, शेजाऱ्यानं काहीच केलं नाही तर? मग तुमची निम्मी मेहनत वाया गेली. सुट्टीचा एक दिवस ठरवून ओळीतल्या सगळ्या गोठ्यांनी एकदमच फवारावं.

थायलेरियावर रक्षावॅक-टी नावाची लस आहे. गाईला ती टोचायची का, हे डॉक्टरांना विचारा. गाईला सडकून ताप आला, खांद्यापुढची गाठ सुजली, दूध एकदम तुटलं, तर काढे पाजण्यात दोन दिवस घालवू नका. बुपारव्हाक्वोन हे औषध लवकर दिलं तरच कामाला येतं. लघवी तांबडी दिसली तर तो निराळा रोग, त्याचं औषधही निराळं. डॉक्टरांना ती खूण आवर्जून सांगा.

आणि फवारणीची तारीख गोठ्याच्या खांबावर खडूनं लिहून ठेवा. पंधरा दिवसांनी पुन्हा फवारायचं आहे.