दूरनियंत्रक कार्डाचा अंत आणि संकेताचे आयुष्य

खेड तालुक्यातील निघोजे हे गाव आज चाकण औद्योगिक क्षेत्रात मोडते. या परिसरात फोक्सवागनचा कारखाना २००९ साली व महिंद्राचा २०१० साली सुरू झाला. वाहननिर्मितीच्या अशा क्षेत्रात विद्युत् भागांची चाचणी बव्हंशी संगणकाकरवी होते. संगणक मापकांना आज्ञा देतो आणि वाचने टिपून घेतो. संगणक एकीकडे व मापकांची पेटी दुसरीकडे असेल, तेव्हा त्यांना जोडणारा दुवा म्हणजे दूरनियंत्रक कार्ड होय. निर्मात्याने या कार्डाचे उत्पादन थांबविले तर मापकांचे काय होते, हा प्रश्न वरवर पाहता तंत्रज्ञांचा. परंतु मूलतः तो संकेताचा, म्हणून भाषाभ्यासकाचाही आहे.

दोन उदाहरणे घेऊ. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने १९६०च्या दशकाच्या अखेरीस सिद्ध केलेली मापकांची जोडव्यवस्था १९७५ साली ‘आयईईई ४८८’ या नावाने जाहीर मानक ठरली. तीत उपकरणांना वक्ता, श्रोता व नियंत्रक अशा भूमिका असतात. एका वेळी वक्ता एकच. आणि सर्व श्रोत्यांनी एक अक्षर स्वीकारल्यावाचून तो पुढचे उच्चारीत नाही. १९९० साली ‘एससीपीआय’ हा समान आज्ञासंग्रह ठरला व विद्युद्दाब मोजण्याची आज्ञा निरनिराळ्या निर्मात्यांच्या मापकांस सारख्याच शब्दांत देता येऊ लागली. पुढे संगणकातील आयएसए खाच कालबाह्य झाली, तीत बसणारी कार्डेही गेली. तथापि मानक जाहीर असल्यामुळे पीसीआय व यूएसबीसाठी नवे दुवे निघाले आणि जुनी मापके बोलती राहिली.

१९९७ साली आलेल्या पीएक्सआय पेटीची गोष्ट निराळी. तिच्या दूरनियंत्रणासाठी एक कार्ड संगणकात व दुसरे पेटीत बसते. मध्ये केबल असते. पेटीतील उपकरणे संगणकास आपल्याच पोटात असल्यासारखी दिसतात. आज्ञावलीस अंतराची जाणीवही नसते. मात्र दोन कार्डांमधील संकेत निर्मात्याचा खाजगी असेल, तर एक कार्ड निकामी होताच त्याच जोडीतले दुसरे शोधावे लागते. ते अथवा पर्यायी जोडी न मिळाल्यास निर्दोष मापकांची सबंध पेटी मुकी होते.

पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी कागद आज बहुसंख्य मराठी भाषकांस वाचता येत नाहीत. भाषा मराठीच आहे. तुटला आहे तो लिपीचा दुवा. परंतु मोडीचा संकेत सर्वांचा होता, म्हणून तो आजही शिकता येतो. खाजगी संकेत मात्र निर्मात्याने हात काढून घेतल्यावर शिकावयास उरत नाही.

तात्पर्य, कार्ड किती वर्षे मिळेल एवढेच विचारून भागत नाही. त्याचा संकेत जाहीर आहे काय, हे खरेदीपूर्वीच विचारले पाहिजे. आज्ञावली लिहिताना मापकाशी बोलणारा भाग कार्डाशी बोलणाऱ्या भागापासून वेगळा ठेवावा. चाचणीचा क्रम, स्वीकार्य मर्यादा व त्यांची कारणे साध्या मराठीत लिहून ठेवणेही तितकेच अगत्याचे आहे. अन्यथा एका लहानशा कार्डाबरोबर भागाची पारख करण्याचे ज्ञानही निकालात निघते, आणि त्याची किंमत अखेर वाहनात बसणाऱ्या माणसास मोजावी लागते.