दंडातील सुई आणि काखेतील अवधाण

कऱ्हाडहून कोल्हापूरकडे निघालेला हमरस्ता मालखेड मागे टाकून सातारा जिल्ह्याची हद्द ओलांडतो आणि सांगलीच्या मुलखात शिरतो. त्या हद्दीच्या आसपास उसाच्या फडांत वसलेल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात 2021 च्या उन्हाळ्यात लसीकरणाचे काम जवळून न्याहाळण्याचा योग मला आला. येथून इस्लामपूर फार दूर नाही. सौदी अरेबियाहून परतलेल्या तेथील एका कुटुंबातील चौघे करोनाने बाधित असल्याचे 23 मार्च 2020 रोजी निष्पन्न झाले आणि महिनाअखेर तो आकडा पंचविशीला जाऊन भिडला. त्यामुळे या परिसराला साथ वर्तमानपत्रातून कळण्याआधी नात्यागोत्यातून कळली होती, आणि रांगेत उभ्या असलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर भय व उत्सुकता यांचे जे मिश्रण दिसे त्याचे मूळ तेथे होते.

दिवसाचा आरंभ सुईने होत नसे. सिस्टर प्रथम शीतपेटीचे झाकण उघडून तापमापक वाचीत, पारा दोन ते आठ अंशांच्या दरम्यान असल्याची खात्री करून घेत आणि तो अंक नोंदवहीत उतरवीत. सायंकाळी पुन्हा तोच विधी. नंतर गोठलेले बर्फपॅक बाहेर काढून टेबलावर मांडले जात आणि त्यांच्या अंगावर घाम फुटला की त्यांतील एकेक उचलून सिस्टर कानाजवळ हलवून पाहत. आत पाण्याची खळखळ ऐकू आली म्हणजेच तो वाहक डब्यात भरण्यास लायक, कारण उष्णतेइतकेच गोठणेही लशीला मारक असते. उत्तमोत्तम प्रयोगशाळांत सिद्ध झालेल्या द्रव्याचे भवितव्य अखेर एका परिचारिकेच्या कानावर अवलंबून असावे, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

कुपी उघडली की दहा मात्रा आणि चार तासांची मुदत. एकदाच वापरता येणाऱ्या सुईत अर्धा मिलिलिटर द्रव ओढून घेऊन तो दंडाच्या त्रिकोणी स्नायूत सोडावयाचा आणि माणसाला अर्धा तास बसवून ठेवावयाचे. ‘‘एवढ्यासाठी एवढा बंदोबस्त?’’ असे एक गृहस्थ म्हणाले खरे. परंतु खरे काम सुई निघाल्यावरच सुरू होते, आणि ते आपल्याला दिसत नाही एवढेच.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तेव्हा तयार होत असलेल्या कोविशील्डमध्ये चिंपांझीला सर्दी आणणारा, पण वाढण्याची शक्ती काढून घेतलेला एक विषाणू असतो. करोनाच्या पृष्ठभागावरील काटेरी प्रथिनाची जनुकीय कृती तेवढी तो पेशीपर्यंत पोहोचवितो. पेशी ते प्रथिन स्वतःच घडविते, आणि त्या परक्या आकृतीचा सुगावा लागताच देहाचे पहारेकरी तिचे तुकडे घेऊन जवळच्या लसिकाग्रंथींकडे, म्हणजे काखेकडे, प्रस्थान ठेवतात. एक शेतमजूर बाई काखेत गाठ आल्याने चौथ्या दिवशी परत आल्या होत्या. ‘‘सिस्टर, दंड दुखतोय त्ये समजलं, पन काखंत अवधाण कशापायी आलं?’’ सिस्टर हसून म्हणाल्या, ‘‘मावशी, तितंच तर काम चाललंय. दोन-चार दिसांत बसंल.’’ याहून अचूक उत्तर मला ग्रंथांतही सापडले नसते. त्या ग्रंथीत असंख्य पेशींमधून त्या आकृतीला नेमक्या जुळणाऱ्या थोड्याच पेशी निवडल्या जातात. त्या वाढतात, वाढताना किंचित बदलतात, ज्यांची पकड अधिक घट्ट त्या टिकतात आणि उरलेल्या लयास जातात. ही छाननी आठवडेच्या आठवडे चालते. तिच्यातून निपजलेल्या काही पेशी अस्थिमज्जेत ठाण मांडून प्रतिपिंडे स्रवत राहतात, तर काही स्मृतिरूपाने वाट पाहतात.

छाननीला लागणारा हा अवकाश प्रत्यक्ष रोग मात्र देत नाही. त्याचा विषाणू नाकातील पेशींच्या एसीई-2 या ग्राहकावर अडकून आत शिरतो, धोक्याची पहिली सूचना देणाऱ्या इंटरफेरॉनला दाबून ठेवतो आणि बहुधा पाचव्या दिवसाच्या सुमारास ताप दिसेपर्यंत त्याची संख्या अफाट झालेली असते. दुसऱ्या आठवड्यात श्वास अडखळू लागतो तो बव्हंशी देहाच्या स्वतःच्याच बेबंद दाहामुळे. म्हणूनच प्राणवायूवर असलेल्या रुग्णांना डेक्सामेथासोनसारखे दाह शमविणारे जुने, स्वस्त औषध उपकारक ठरले. ज्यांना प्राणवायू लागत नव्हता त्यांना मात्र त्याचा लाभ झाला नाही. 2020 च्या जूनमध्ये ब्रिटनमधील चाचणीने हे दाखवून दिले.

मे महिन्याच्या मध्यास एक आजोबा दुसऱ्या मात्रेसाठी आले आणि त्यांना परतावे लागले. आरंभी चार ते सहा आठवड्यांचे असलेले अंतर 22 मार्चला सहा ते आठ आणि 13 मे रोजी बारा ते सोळा आठवड्यांचे झाले होते. ‘‘हुकूम बदलला म्हंजे माझं रगात बदललं का?’’ आजोबा कडाडले. लशीची टंचाई तेव्हा उघड होती, आणि टंचाईला शास्त्राचा अंगरखा चढविला अशी शंका घेणाऱ्यांना मी दोष देणार नाही. परंतु शास्त्र अगदीच रिकामे नव्हते. फेब्रुवारीत प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात सहा आठवड्यांच्या आत दुसरी मात्रा घेतलेल्यांत लशीची परिणामकारकता सुमारे 55 टक्के, तर बारा आठवड्यांनंतर घेतलेल्यांत 81 टक्के आढळली होती. काखेतील छाननीला सवड मिळाली की दुसरी मात्रा अधिक सुशिक्षित पेशींना साद घालते, असा त्याचा एक अर्थ लावता येतो. आजोबांना सिस्टरांनी एवढेच सांगितले, की पहिली वाया गेलेली नाही.

ज्यांना ही सवड नाही, त्यांच्यासाठी प्रतिकारशक्ती उसनी आणण्याचा मार्ग उरतो. 1890 मध्ये बेरिंग व कितासातो यांनी तो दाखविला, आणि जिवंत नागांच्या पंचमीमुळे पूर्वी विख्यात झालेल्या शिराळ्यात आजही तो चालू आहे. तेथील आयसेरा बायोलॉजिकल ही कंपनी घोड्यांच्या रक्तापासून सर्पदंशावरील प्रतिविष बनविते. त्याच रीतीने, करोनाच्या प्रथिनांची घोड्यांना टोचणी देऊन मिळविलेल्या प्रतिपिंडांच्या मानवी चाचण्यांचा पहिला टप्पा तिने 2021 च्या पावसाळ्यापर्यंत गाठला होता. घोडा आठवडेच्या आठवडे जे शिकतो ते माणसाला क्षणात मिळते. मात्र ते टिकते थोडे, आणि वेळ चुकली तर निरुपयोगीही ठरते. त्याच वर्षी बऱ्या झालेल्यांच्या रक्तद्रवासाठी नातलग गावोगाव धावत असताना, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 464 रुग्णांवरील चाचणीने त्यापासून मृत्यू टळत नाहीत असे आधीच दाखविलेले होते. उपचारांच्या यादीतून तो 17 मे रोजी वगळला गेला. उसने द्यावयाचे तर ते पहिल्या काही दिवसांत. दाह पेटल्यावर प्रतिपिंडांची भर घालून फारसे साधत नाही.

दुपारी तीन वाजता त्या केंद्रात शेवटच्या कुपीत दोन मात्रा उरल्या होत्या आणि बाकावर कोणी नव्हते. सिस्टरांनी घड्याळ पाहिले, मुदतीला पाऊण तास होता, आणि आशाताईंना फडाकडे पिटाळले.